रेसिंग गेममधल्या गाड्यांची यादी परवान्यांमुळे कशी घडते

प्रश्न असा आहे की, एकाच सुमारास आलेल्या दोन रेसिंग गेमपैकी एकात पोर्शे असते आणि दुसऱ्यात नसते, एखाद्या कंपनीच्या गाड्या मालिकेच्या एका भागात भरभरून दिसतात आणि पुढच्या भागात एकही दिसत नाही, हे कशामुळे होते; आणि नव्याने गेम तयार करणाऱ्या लहान स्टुडिओने खऱ्या गाड्या घ्याव्यात की स्वतःच्या कल्पनेतल्या. खरी गाडी गेममध्ये दाखवण्यासाठी वाहन कंपनीकडून जो परवाना घ्यावा लागतो त्याच्या वाटाघाटी आणि त्यांच्या मागोमाग येणारी मंजुरीची प्रक्रिया हे अनेक वर्षे माझे रोजचे काम राहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ज्या स्टुडिओकडे पैसा जास्त त्याच्याकडे गाड्या जास्त, असा सर्वसाधारण समज असतो. पैसा लागतोच, पण केवळ रकमेवरून फिसकटलेले करार मी त्या मानाने कमी पाहिले आहेत. करार अडतात ते बहुधा दोन जागी: गाडी पडद्यावर कोणत्या अवस्थेत दिसणार, आणि तो गेम किती वर्षे विकता येणार. या दोन प्रश्नांची उत्तरे यादीत कोणत्या गाड्या असतील हे तर ठरवतातच, पण तो गेम मुळात कोणत्या प्रकारचा असू शकेल हेही ठरवतात.

आधी परवानगी नेमकी कशाची लागते ते पाहू. गाडीचे नाव आणि बोधचिन्ह ही नोंदणीकृत व्यापारचिन्हे असतात. बाह्य आकारावर अनेक देशांत रचनाहक्क मिळतो, आणि समोरची जाळी किंवा दिव्यांची ठेवण कधी कधी इतकी ओळखीची झालेली असते की कंपन्या तिच्यावरही व्यापारचिन्हासारखाच हक्क सांगतात. मात्र कायदा सरसकट कंपन्यांच्या बाजूने आहे असे समजू नये. ओपेल कंपनीने ऑटेक या खेळणी बनवणाऱ्या कंपनीवर, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या अ‍ॅस्ट्रा गाडीवरील बोधचिन्हावरून दावा केला होता. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये निकषांची चौकट घालून दिली आणि २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ओपेलच्या विरोधात निकाल दिला; खेळण्यावरचे बोधचिन्ह पाहून गिऱ्हाईक ते मूळ गाडीच्या हुबेहूब प्रतिकृतीचा भाग समजतो, खेळणे ओपेलने बनवले असे समजत नाही, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत हमवी हे लष्करी वाहन बनवणाऱ्या एएम जनरलने ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या गेमच्या प्रकाशकावर, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिजनवर, दावा केला, तेव्हाही न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०२० मध्ये वास्तवदर्शी चित्रणाला कलेच्या स्वातंत्र्याचे संरक्षण मान्य केले.

मग एवढे अनुकूल निकाल असताना स्टुडिओ परवाने का घेतात? एक कारण असे की गेम एकाच वेळी जगभर विकला जातो आणि एका देशातला निकाल दुसऱ्या देशात ढाल म्हणून वापरता येत नाही. शिवाय युद्धाच्या गेममध्ये ओझरते दिसणारे वाहन आणि ज्या गाडीच्या नावावर गेम विकला जातो ती गाडी यांत न्यायालय फरक करू शकते. दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. परवान्यासोबत कंपनीचे सहकार्य मिळते: मूळ संगणकीय आराखडे, रंगांचे अचूक नमुने, छायाचित्रे आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण यांसाठी प्रत्यक्ष गाडी, आणि बाजारात अजून न आलेल्या गाडीची आगाऊ माहिती. सिम्युलेशनच्या अंगाने जाणाऱ्या, म्हणजे खऱ्या गाडीचे वागणे हुबेहूब उभे करू पाहणाऱ्या गेमला या सामग्रीशिवाय पुढे जाणे फार कठीण असते.

आता पोर्शेबद्दल. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम-प्रकाशक कंपनीने २००० मध्ये आपल्या ‘नीड फॉर स्पीड’ या रेसिंग मालिकेचा पोर्शेला वाहिलेला भाग काढला, आणि पोर्शेशी असलेला तिचा अनन्य करार त्या काळापासून २०१६ च्या अखेरपर्यंत चालला. अनन्य करार म्हणजे इतर कोणत्याही प्रकाशकाला पोर्शे हवी असेल तर त्याने पोर्शेकडे नव्हे, तर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे उपपरवाना मागायचा. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’ला तो मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या चौथ्या भागाला तो सुरुवातीला मिळाला नाही, आणि पोर्शे तिथे पोहोचली ती मे २०१२ मधल्या स्वतंत्र विस्तार-संचातून. सोनीच्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ मालिकेने मात्र वेगळा मार्ग धरला आणि रूफच्या गाड्या घेतल्या.

रूफ ही जर्मनीतल्या फाफेनहाउझेन इथली छोटी कंपनी पोर्शेचे कोरे सांगाडे घेऊन त्यांवर स्वतःच्या गाड्या बांधते. १९८१ पासून जर्मनीत तिला स्वतंत्र वाहन उत्पादक म्हणून मान्यता आहे आणि तिच्या गाड्यांवर तिचाच सांगाडा क्रमांक असतो. त्यामुळे दिसायला पोर्शेची प्रसिद्ध नऊशे अकरा (९११), पण कायद्याच्या दृष्टीने रूफ, अशी गाडी परवान्याच्या भिंतीला वळसा घालून गेममध्ये येऊ शकली. ‘यलोबर्ड’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेली रूफची १९८७ ची सीटीआर ही गाडी एरवी जाणकारांपुरतीच माहीत राहिली असती. ती खेळाडूंच्या एका अख्ख्या पिढीच्या ओळखीची झाली, यात त्या अनन्य कराराचा मोठा वाटा आहे. करार संपत आला तसे चित्र झपाट्याने बदलले. २०१६ च्या अखेरीस ‘असेटो कोर्सा’ या रेसिंग गेममध्ये पोर्शेचे संच आले, २०१७ मध्ये ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ७’च्या मुखपृष्ठावर पोर्शे झळकली आणि ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’मध्येही ती दाखल झाली. या सतरा वर्षांत गाडीत, तंत्रज्ञानात किंवा खेळाडूंच्या आवडीत असे काहीच नव्हते ज्यामुळे पोर्शे बाहेर राहावी. एका कागदामुळे ती बाहेर होती.

अनन्य करार मात्र अपवादानेच होतात. रोजच्या कामात अधिक वेळ जातो तो गाडीच्या चित्रणावर. वाहन कंपनी सुरक्षिततेच्या नावावर गाड्या विकते, त्यामुळे आपल्या गाडीचे छत चेपलेले, प्रवासी कक्ष दबलेला किंवा इंजिनातून ज्वाळा निघत असलेले दृश्य तिला नको असते, आणि तिच्या जागी बसून पाहिले तर ही भूमिका समजण्यासारखी आहे. म्हणून करारासोबत हानीच्या चित्रणाचे एक परिशिष्ट येते. बंपर लोंबकळला तर चालेल, काचेला तडा गेला तर चालेल, दार वाकले तर चालेल. पण छताचे खांब वाकता कामा नयेत, चालकाच्या जागेत काही घुसता कामा नये, आग दिसता कामा नये, पादचाऱ्याला धडक बसता कामा नये. ज्या कंपनीची अट सर्वांत कडक असते तिच्या अटीप्रमाणेच बहुतेकदा सगळ्या गाड्यांची हानी ठरवावी लागते, कारण एकच गाडी चुरगळते आणि शेजारची अभेद्य राहते हे खेळताना विचित्र दिसते आणि स्पर्धेच्या दृष्टीनेही न्याय्य नसते. एखादी कंपनी यादीत घेतल्याने बाकीच्या सगळ्या गाड्यांचे वागणे बदलते ते असे.

ज्यांना धडक हाच खेळाचा गाभा करायचा होता त्यांनी म्हणूनच खऱ्या गाड्या घेतल्या नाहीत. ‘बर्नआउट’ मालिकेतल्या गाड्या कोणत्याही खऱ्या कंपनीच्या नाहीत, ‘रेकफेस्ट’मधल्याही नाहीत, आणि ‘बीमएनजी ड्राइव्ह’ने तर इबिशू, गॅव्रिल, ईटीके अशा काल्पनिक कंपन्यांचे एक संपूर्ण विश्व त्यांच्या कालखंडांसह आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांसह उभे केले आहे. तिथे पत्रा जसा चुरगळतो तसा परवाना घेतलेल्या गेममध्ये चुरगळलेला मी पाहिलेला नाही. ही तडजोड म्हणून पत्करलेली दुय्यम वाट आहे असे मला कधीच वाटले नाही. त्या संघाला जे दाखवायचे होते ते दाखवण्याचा तोच मार्ग होता.

बेकायदा रस्ता-शर्यती आणि पोलिसांचा पाठलाग यांबाबतही कंपन्या बिचकतात, आणि इथे टोयोटाचे उदाहरण हमखास दिले जाते. ‘नीड फॉर स्पीड’च्या २०१७ आणि २०१९ च्या भागांत टोयोटाच्या गाड्या नव्हत्या. २०१९ मध्ये कंपनीच्या ब्रिटनमधल्या समाजमाध्यम खात्यावरून, आमच्या गाड्या बेकायदा रस्ता-शर्यतींना उत्तेजन न देणाऱ्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये मिळतील, अशा अर्थाचे उत्तर दिले गेले आणि नंतर ते काढून टाकण्यात आले. त्यावरून हेच एकमेव कारण होते असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. २०१८ च्या ‘फोर्झा होरायझन ४’मध्ये शर्यती हा एका अधिकृत उत्सवाचा भाग आहेत, पोलीस कुठेच नाहीत, आणि तरीही सुरुवातीला टोयोटा तिथेही नव्हती; ती पुढे परतली. कंपनीच्या विपणन विभागाचे धोरण, त्या वर्षी इतर कोणाशी असलेले नाते, निर्णय घेणाऱ्या व्यक्तीची बदली, अशी अनेक कारणे असू शकतात, आणि खेळाडूंपर्यंत त्यांतले फारसे काही पोहोचत नाही.

मंजुरीची एक फेरी कशी असते ते सांगतो, कारण यादी लहान का राहते याचे एक उत्तर तिथे आहे. तयार झालेल्या गाडीची सर्व बाजूंनी घेतलेली चित्रे, उपलब्ध रंगांचे तक्ते, चाकांचे आणि आतल्या भागाचे तपशील, हानीचे टप्पे आणि वेगाचे आकडे कंपनीकडे पाठवले जातात. उत्तर येते ते असे: मागच्या दिव्याचा लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकतो आहे, गाडी जमिनीपासून जेवढी उंच दिसते तेवढी ती ओझे नसताना असते, चालकासह नाही, झाकणावरचे नाव मध्यरेषेपासून थोडे सरकले आहे, या आवृत्तीसोबत हा चाकांचा संच त्या वर्षी विकला जात नव्हता. यातली प्रत्येक सूचना बहुधा बरोबर असते आणि तिच्यामुळे गाडी सुधारते, हे मी मनापासून मान्य करतो. पण प्रत्येक दुरुस्तीनंतर चित्रे पुन्हा पाठवायची, उत्तराची वाट पाहायची, आणि जाहिरातीत किंवा मुखपृष्ठावर गाडी वापरायची असेल तर त्यासाठी वेगळी मंजुरी घ्यायची. गाडी सुधारण्याचे पर्याय, म्हणजे रुंद केलेली चाकांची कमान, बदललेले बंपर, दुसऱ्या कंपनीचे इंजिन, हे काही कंपन्या आनंदाने देतात आणि काही मुळीच देत नाहीत. ‘नीड फॉर स्पीड हीट’मध्ये बहुतेक गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या बदलता येतात आणि फेरारीला मात्र जवळजवळ हात लावता येत नाही, हा फरक खेळाडूंच्याही लगेच लक्षात आला होता.

यात प्रतिकृती घडवण्याचा खर्च मिळवा. ‘ग्रॅन टुरिस्मो’चे निर्माते काझुनोरी यामाउची यांनी ‘स्पोर्ट’च्या काळात सांगितले होते की एक गाडी घडवायला एका कलाकाराला सुमारे सहा महिने लागतात. अशा स्थितीत एकदा एखाद्या कंपनीशी करार झाला की तिच्याच आणखी गाड्या घेणे सोपे पडते: कायदेशीर काम झालेले असते, मंजुरी देणारी माणसे ओळखीची असतात, आणि भावंड आवृत्त्यांचे बरेच भाग सारखे असतात. जुन्या ‘ग्रॅन टुरिस्मो’मध्ये निसान स्कायलाइन आणि माझ्दा एमएक्स-५ यांच्या एकमेकींपासून जेमतेम वेगळ्या अशा कितीतरी आवृत्त्या होत्या, त्यामागे जपानी गाड्यांवरचे प्रेम होतेच, पण हे गणितही होते. म्हणून एकूण आकड्यापेक्षा त्या यादीत किती कंपन्या आहेत हे पाहावे, असे मी नेहमी सांगतो.

कंपनी आणि खेळाडू यांना हव्या असलेल्या गाड्या बहुधा वेगळ्या असतात. विपणन विभागाला दालनात आज विकली जाणारी गाडी पुढे आणायची असते, खेळाडूला तीस वर्षांपूर्वीची दोन दारांची कूपे हवी असते. चांगली वाटाघाट दोन्ही एका करारात बसवते, आणि आज यादीत दिसणाऱ्या कित्येक जड, विजेवर चालणाऱ्या एसयूव्ही तिथे कशा आल्या याचे उत्तरही त्यातच असते. कधी कधी प्रवाह उलटाही वाहतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिजन ग्रॅन टुरिस्मो’ उपक्रमात वाहन कंपन्यांनी खास त्या गेमसाठी संकल्पना-गाड्या आखल्या, आणि मर्सिडीझसारख्यांनी त्यांचे पूर्ण आकाराचे नमुनेही प्रत्यक्ष बनवून दाखवले.

शर्यतीच्या गाडीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. जीटी-३ या वर्गातल्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाडीवर निर्मात्याचे बोधचिन्ह असते, संघाची रंगसंगती असते, प्रायोजकांची नावे असतात, टायरच्या कडेवर टायर कंपनीचे अक्षर असते, क्रमांकाच्या पाटीवर स्पर्धेचे नाव असते आणि खिडकीवर चालकांची नावे असतात. यातल्या प्रत्येकाचा हक्कदार वेगळा. म्हणून पुष्कळ गेममध्ये खरी गाडी असते आणि तिच्यावरची रंगसंगती काल्पनिक असते. तंबाखूच्या प्रायोजकांची नावे तर जुन्या गाड्यांवरून सर्रास पुसलेली दिसतात. यावर एक उपाय म्हणजे संपूर्ण स्पर्धेचाच परवाना घेणे, पण मग गेम त्या स्पर्धेच्या कराराला बांधला जातो आणि करार दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला की मालिकाच थांबते.

मुदत हा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्याचे परिणाम परत फिरवता येत नाहीत. परवाने ठरावीक वर्षांसाठी असतात, आणि ते संपले की नवी प्रत विकता येत नाही. ‘फोर्झा होरायझन’चा पहिला भाग २०१२ मध्ये आला आणि २०१६ मध्ये डिजिटल विक्रीतून गेला, तिसरा २०१६ मध्ये आला आणि २०२० मध्ये गेला, चौथा २०१८ मध्ये आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये गेला. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ७’ला तर २०१७ ते २०२१ एवढेच आयुष्य मिळाले. ‘प्रोजेक्ट कार्स’च्या पहिल्या दोन भागांची विक्री गाड्यांचे आणि मार्गांचे परवाने संपल्यामुळे २०२२ मध्ये थांबली. ज्यांनी आधी विकत घेतले त्यांना बहुतेक वेळा खेळता येते, पण नव्या खेळाडूला तो गेम डिजिटल स्वरूपात कायदेशीर मार्गाने विकत घेण्याची सोय उरत नाही. शेकडो लोकांनी काही वर्षे खपून केलेले काम, त्यातली शेवटची ओळ लिहिली गेली तेव्हाच त्याच्या विक्रीची शेवटची तारीखही ठरलेली असते, हे मला आजही सहज स्वीकारता येत नाही.

क्रायटेरियन या एकाच स्टुडिओच्या दोन गेमची तुलना इथे उपयोगी पडेल. २००८ च्या ‘बर्नआउट पॅराडाइज’ची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये निघाली, तेव्हा एकाही वाहन कंपनीचे दार ठोठवावे लागले नाही. २०१० च्या ‘नीड फॉर स्पीड: हॉट परस्यूट’ची सुधारित आवृत्ती २०२० मध्ये आली, तेव्हा परवान्याअभावी मर्सिडीझच्या दोन गाड्या गाळाव्या लागल्या. त्याहून जुने उदाहरण सेगाच्या ‘आउटरन’चे. १९८६ च्या मूळ गेममध्ये फेरारी टेस्टारोसाशी उघड साम्य असलेली गाडी कोणताही परवाना न घेता धावत होती; नंतरच्या पुनःप्रकाशनांत तिचे रूप बदलावे लागले, आणि फेरारीचा रीतसर परवाना घेतलेला २००९ चा ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ काही वर्षांतच विक्रीतून नाहीसा झाला.

लहान स्टुडिओसाठी माझे मत असे की, गाड्यांची यादी लिहायला घेण्याआधी हानी, पोलीस आणि रस्ते यांबद्दलचे निर्णय पक्के करावेत. जोरदार मोडतोड किंवा पोलिसांचा पाठलाग हा खेळाचा प्राण असेल तर काल्पनिक गाड्या घ्याव्यात आणि त्यांच्यावर मनापासून मेहनत करावी. मात्र खऱ्या गाडीचे बोधचिन्ह काढून बाकी आकार जसाच्या तसा ठेवणे म्हणजे काल्पनिक गाडी नव्हे. एका कालखंडाचा, एका देशाच्या शैलीचा अभ्यास करून, अनेक गाड्यांमधले गुण एकत्र आणून नवी गाडी आखावी आणि प्रसिद्धीपूर्वी ती या क्षेत्रातल्या वकिलाला दाखवावी. खऱ्याच गाड्या हव्या असतील तर दोन-तीन कंपन्यांपुरते मर्यादित राहावे, त्यांच्याकडे सुरुवातीलाच जावे, आणि खेळण्याजोगा नमुना घेऊन जावे, कारण हानीच्या परिशिष्टावरचे कित्येक आक्षेप प्रत्यक्ष दृश्य पाहिल्यावर मावळतात. बंद पडलेल्या कंपनीची गाडी सोपी पडेल असे समजू नये; नाव एकाकडे, आकाराचे हक्क दुसऱ्याकडे आणि खात्रीने सांगणारे कोणीच नाही, अशी अवस्था तिथे वारंवार भेटते.

करारात रकमेइतकाच वेळ मुदतीच्या कलमांवर घालवावा. मुदत स्वाक्षरीपासून न मोजता प्रकाशनाच्या दिवसापासून मोजली जावी, कारण गेम लांबणीवर पडला तर विक्रीची वर्षे त्यातूनच कापली जातात. नूतनीकरणाची रक्कम आजच लिहून घ्यावी. मुदत संपल्यावर गाडी फक्त नव्या प्रतींतून निघेल आणि विकल्या गेलेल्या प्रतींमध्ये ती राहील, हे स्पष्ट शब्दांत असावे. केवळ गृहीत धरलेल्या गोष्टींना वादाच्या वेळी किंमत नसते. आणि तांत्रिक संघाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की कोणतीही गाडी, तिचे नाव, आवाज आणि चित्रे यांच्यासह, एका ठिकाणाहून काढता आली पाहिजे, आणि ती काढल्यावर खेळाडूची जतन केलेली प्रगती, कारकिर्दीतली एखादी अनिवार्य शर्यत किंवा बक्षिसांची साखळी तुटता कामा नये.